आधी चामडं, मग हत्यारं

हौस म्हणून चामड्याचं काम शिकायला घेणाऱ्या बहुतेकांचं पहिलं पाकीट बिघडतं आणि दोष ते आपल्या हाताला देतात. ठसा उमटला नाही, कड पिंजल्यासारखी राहिली, घडीवर पाकीट फुगलं, पट्टा चार महिन्यांत सैल झाला, की आपल्याला हे जमणारं नाही असं ठरवून हत्यारांचा संच माळ्यावर जातो. या कामातल्या अनुभवानं माझं मत पक्कं झालं आहे, की असे बरेचसे दोष हाताचे नसतात, चामड्याच्या निवडीचे असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या संचात ठसे, पंच, चाकं, रंगाच्या बाटल्या सगळं असतं. चामडं मात्र कोणतं घ्यायचं, हे त्यात कुठेच नसतं. म्हणून नवशिक्यानं पैसा आणि वेळ आधी चामडं ओळखण्यावर घालवावा, असं मी आग्रहानं सांगते.

‘अस्सल लेदर’ या एका नावाखाली बाजारात दोन अगदी निराळे माल विकले जातात. एक वनस्पतींनी कमावलेला. बाभळीची साल, हिरडा अशा पदार्थांतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंत हळूहळू मुरवायचं, याला पारंपरिक पद्धतीत आठवडे लागतात. दुसरा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली आणि तिनं आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आणलं. आज बुटांचे वरचे भाग, जॅकेटं, सोफे, मऊ पर्सेस यांत बहुतेक क्रोमचंच चामडं असतं. ते वाईट नाही. मऊ असतं, पाणी सोसतं, रंग झकास घेतं. पण वनस्पतींनी कमावलेलं चामडं ओलसर करून त्यावर ठसा मारला तर तो वाळल्यावर तसाच राहतो. क्रोमचं चामडं दाब काढला की बरंचसं पूर्ववत होतं. पहिल्याची कापलेली कड पाणी लावून लाकडाच्या गुळगुळीत दांड्यानं घोटली की घट्ट होऊन चकाकते. दुसऱ्याची कितीही घोटा, ती मऊच राहते. तिला रंगाचे थर द्यावे लागतात किंवा कड दुमडून शिवावी लागते. म्हणजे ठशांचा महागडा संच आणि क्रोमचं चामडं अशी जोडी घेऊन बसलेल्या माणसाला कितीही सराव केला तरी यश येणं शक्य नाही.

दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. कापलेली कड पाहावी. न रंगवलेलं क्रोमचं चामडं आतून निळसर-करडं दिसतं, वनस्पतींनी कमावलेलं फिकट बदामी किंवा तपकिरी. रंगवलेल्या मालात शंका उरली तर बारीकशी पट्टी उकळत्या पाण्यात टाकावी: वनस्पतींनी कमावलेली काही क्षणांत आकसून वळते आणि कडक होते, क्रोमची साधारण जशीच्या तशी राहते. तुकडा जाळून राखेचा रंग पाहण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. क्रोमचं चामडं जाळलं की त्यातल्या क्रोमियमचं कर्करोगकारक रूप तयार होऊ शकतं, आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर हे करणं तर निव्वळ अविचार.

वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची एक खोड मात्र आधीच ठाऊक हवी. ठसा मारण्यासाठी ते ओलं केलेलं असताना त्यावर लोखंडी पट्टी किंवा कात्री थोडा वेळ जरी राहिली, तरी तिच्या आकाराचा निळा-काळा डाग उमटतो. नवशिके याला बुरशी समजतात, किंवा दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला म्हणतात. खरं कारण आपल्याकडे जुन्या पिढीला चांगलं माहीत होतं: हिरडा आणि हिराकस एकत्र उकळून काळी शाई करत, तीच ही रासायनिक क्रिया. टॅनिन आणि लोह ओलाव्यात भेटले की काळं होणारच. डाग ताजा आणि फिकट असेल तर लिंबाच्या रसानं बराच निघतो. पण ओल्या चामड्याजवळ स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरणं जास्त सोपं.

यानंतर जाडी आणि जागा. चामडं चौरस फुटांवर विकलं जातं, त्यामुळे ग्राहक क्षेत्रफळ मोजतो आणि जाडी विसरतो. साध्या घडीच्या पाकिटाच्या कडेला बाहेरचं आवरण आणि कप्पे धरून चार थर सहज येतात. दोन मिलिमीटरचं चामडं घेतलं तर एकेका बाजूची कड आठ मिलिमीटर आणि घडी मिटल्यावर सोळा! ते पाकीट खिशात मावत नाही. आवरणाला एक ते सव्वा मिलिमीटर आणि कप्प्यांना त्याहून पातळ पुरतं. कमरेच्या पट्ट्याला मात्र तीन-चार मिलिमीटर लागतात, आणि तो पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापलेला हवा. पोटाकडचे तंतू सैल असतात. तिथला पट्टा कितीही सुबक शिवला तरी ताणला जातो. कोल्हापुरी चपलेकडे या नजरेनं पाहावं. तळाला म्हशीचं जाड कातडं, वरच्या वेणीला शेळीचं पातळ, आणि शिवण कातड्याच्याच वादीची. कुठे झीज होणार, कुठे वळण येणार, कुठे ताण बसणार, याचा सगळा हिशोब त्या निवडीत आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. चांगलं चामडं महाग, मग हात बसेपर्यंत रेक्झिनवर सराव का करू नये? ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण रेक्झिन हे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. त्याची कड तासून पातळ करता येत नाही, घोटता येत नाही, भोकं त्यात निराळीच वागतात. भुकटी चिकटवून केलेल्या ‘बाँडेड लेदर’ची तीच गत. तिथे बसलेला हात खऱ्या चामड्यावर पुन्हा नव्यानं बसवावा लागतो. पैसेच वाचवायचे तर बॅगा शिवणाऱ्या कारखान्यांची कतरण किलोवर मिळते, ती घ्यावी. फक्त ती कशी कमावलेली आहे ते विचारून घ्यावं. आणि हत्यारांत हात आखडावा. धारदार रापी, पट्टी, आरी, ओळीनं भोकं पाडणारा दातेरी पंच, त्यावर मारायला लाकडी मोगरी, दोन बोथट सुया आणि मेणाचा दोरा एवढ्यावर पाकीट, चष्म्याचं घर, किल्ल्यांची पट्टी सगळं होतं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घालून, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून ओवायच्या. यंत्राच्या टाक्यात दोन दोरे एकमेकांत फक्त अडकलेले असतात, म्हणून एक तुटला की शिवण उसवत जाते. या हाताच्या टाक्यात एक बाजू झिजली तरी दुसरी धरून ठेवते.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं व्हिडिओंवर दिसतं, कुणाकडे जायचं कशाला? टाका व्हिडिओवर शिकता येतो, हे मला मान्य आहे. चामड्याचा लवचिकपणा, ओलं किती करायचं, रापी किती तिरपी धरायची, हे पडद्यावरून बोटांना कळत नाही. ज्यांच्या बोटांना ते कळतं ते चर्मकार आपल्याच गावात आहेत. ही विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती मानानं नव्हे. कातडं कमावण्याचं आणि शिवण्याचं काम जातीनं लादलं गेलं, आणि ते करणाऱ्यांचाच विटाळ मानला गेला. आपण आज तेच काम आवड म्हणून, कुणाचं काही न ऐकता करू शकतो, ही मोकळीक त्यांना नव्हती. म्हणून त्यांच्याकडे शिकायला जाताना शिकवणीचे पैसे ठरवून द्यावेत, बाजारात कोणत्याही कलावर्गाला देतो तेवढे, आणि त्यांचा नमुना आपल्या नावावर विकू नये. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. घरी हौसेनं केलेली चप्पल कितीही उत्तम जमली तरी विकताना तिला ते नाव लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

शिकायला सुरुवात शक्यतो पावसाळा सरल्यावर करावी, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच. दमट हवेत वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी फार लवकर धरते, आणि ओला केलेला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत राहिला तर एक-दोन दिवसांतच. उरलेलं चामडं सुती कापडात गुंडाळून, हवा लागेल असं सपाट ठेवावं, उन्हात वाळवू नये. प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला पेननं प्राणी, कमावणी, जाडी आणि कण्याची दिशा दाखवणारा बाण लिहून ठेवावा; सहा महिन्यांनी तो तुकडा पट्ट्याला चालेल की नाही, हे त्या बाणावरूनच ठरवता येतं.