यू नसताना क्यूचं काय करावं?

प्रश्न : स्क्रॅबल खेळताना क्यू हातात येतो आणि यू येतच नाही. अशा वेळी शब्द कसे शोधावेत?

उत्तर : शंभर सोंगट्यांत क्यू एकच असतो, यू चार. त्यामुळे यूची वाट पाहत बसू नका. यूशिवाय चालणारे थोडे शब्द पाठच करा : ‘की’ (क्यू-आय), ‘कॅट’ (क्यू-ए-टी) आणि आपल्या ओळखीचा ‘फकीर’ (एफ-ए-क्यू-आय-आर). यांत ‘की’ सर्वांत कामाचा. अकराच गुणांचा असला तरी तिप्पट-अक्षराच्या घरात क्यू ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे ‘की’ जुळवला, तर एका खेळीत 62 गुण मिळतात. म्हणून हातातला आय उगाच खर्चू नका. पटावर मोकळा आय कुठे आहे, तेही हेरून ठेवा.

काहीच जुळत नसेल, तर पिशवीत किमान सात सोंगट्या असेपर्यंतच क्यू बदलता येतो. पाळी जाते, पण शेवटी हातात राहिलेल्या क्यूचे दहा गुण वजा होण्यापेक्षा ते परवडतं. कोणता शब्दकोश ग्राह्य धरायचा, हे मात्र डाव मांडण्याआधीच ठरवा.