दुर्बीण घ्या, पण बूट काढू नका

फाल्गुन अर्धा सरला की अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापलीकडे, पहाटेच गळ्यात दुर्बीण अडकवलेली मंडळी दिसू लागतात. त्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेले बरेच असतात. थंडीत आलेले कुरव, सुरय आणि चिखल्या आता परतीच्या तयारीला लागलेले असतात. थंडीभर मातकट दिसणाऱ्या चिखल्याच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो, मोठ्या पलास कुरवाचं डोकं काळंभोर होतं. नवशिक्यालाही पक्षी ओळखता यावेत असा हा काळ.

माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना मी जंगलापेक्षा आधी किनारा सुचवते. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी शोधताना मान मागे टाकून उभं राहावं लागतं. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना त्यानेच कळ येते, कुणाला गरगरतं. किनाऱ्यावरचे पक्षी नजरेच्या रेषेत, वाळूवरच असतात. दुसरा फायदा कानांचा. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे रानातल्या बारीक पाखरांची शीळ निसटते. किनाऱ्यावरच्या कर्ल्यू पक्ष्याची लांबलचक हाक मात्र सत्तरीतही स्पष्ट ऐकू येते. मनालाही याचा उपयोग आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर माणसांना काही तास अधिक बरं वाटत असल्याचं आढळलं. नैराश्याचं निदान झालेल्यांनाही. पण म्हणून नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. पक्षी गोळ्यांच्या जोडीला चालतील, बदली म्हणून नाही.

आता गैरसमजाकडे वळू. 'सकाळी तीन तास पक्षी बघत होतो, म्हणजे व्यायाम झालाच की!' नाही झाला. पक्षीनिरीक्षक दहा पावलं टाकतो आणि दहा मिनिटं थांबतो. हृदयासाठी हवा असतो तो थोडा दम लागेल असा सलग चालण्याचा व्यायाम, आठवड्याला किमान 150 मिनिटं. तेव्हा पहिला अर्धा तास दुर्बीण पिशवीतच राहू द्या आणि ओल्या, घट्ट वाळूवरून भरभर चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत तेवढंच अंतर कापायला दुपटीहून जास्त शक्ती लागते. तरण्याताठ्यांनी खुशाल चालावं, पण हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

ही ओली पट्टी सकाळी कधी मिळेल ते पंचांग सांगतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे पहाटे चालायला जागाच कमी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी पहाटे. पुढचे दोन-तीन दिवस ती सहा-सातच्या दरम्यान सरकते. होळीनंतरचे दिवस आणि गुढीपाडव्याची सकाळ त्यात बरोबर बसते. आधी मोकळ्या वाळूवर चालून घ्या. मग पाणी चढू लागलं की पक्षी आपणहून अलीकडे येतात. त्यांच्या थव्यात मात्र घुसू नका. लांबच्या प्रवासासाठी ते चरबी साठवत असतात, प्रत्येक वेळी उडवल्याने ती खर्च होते.

मधुमेह्यांना एक गोष्ट मी ओरडूनच सांगते: समुद्र दिसला की चपला काढायची आपली सवय सोडा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर कालवाच्या शिंपल्याने तळवा चिरल्याचं कळतच नाही. घरी येऊन मोज्यावर डाग दिसतो तेव्हा लक्षात येतं, आणि समुद्राच्या पाण्यातले जंतू तोवर आत शिरलेले असतात. बंद बूट घाला, आणि परतल्यावर उजेडात दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसकट तपासा. जखम झालीच तर साबण आणि स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यकृताचा जुना आजार असलेल्यांनीही हे हलक्यात घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी निघू नका. खिशात साखर असू द्या. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर तीन चमचे साखर तोंडात टाका आणि खाली बसा.

फोटोसाठी वाळूत उकिडवे बसणाऱ्या काकांसाठी वेगळी सूचना. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी, झटकन उठल्यावर रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उठताना आधी एक गुडघा टेका, श्वास घ्या, मग उभे राहा. दुर्बीण लावून ताटकळत उभं राहतानाही पोटऱ्या हलवत राहा, म्हणजे रक्त पायांत साचत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खडकांवर चढूच नका. त्याच्या खालच्या भागातून पाऊल कुठे पडतंय ते धूसर दिसतं.

पश्चिम किनाऱ्यावर सकाळचं ऊन पाठीमागून येतं. पक्षी त्यामुळे सुंदर उजळतात, पण भाजते ती आपली मान. टोपी मागूनही मान झाकणारी हवी. मार्चमध्ये पहाटे वारा जमिनीकडून असतो, समुद्राकडचा गार वारा उशिरा सुटतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. नऊ वाजले की सावली गाठा. पाणी घोटघोट पीत राहा. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर ती किती वाजता घ्यायची आणि पाणी किती प्यायचं, हे आदल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. भारतात बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्यांदा सापडला तो 2006 साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कोंबड्यांमध्ये. ते घबराटीचं कारण नाही, पण पक्षी तिथेच ठेवून पशुसंवर्धन किंवा वनखात्याला कळवा.

आणि एक. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळात जास्त येतात. अलीकडे अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी विचारल्याशिवाय निघू नये, आणि कुणीच एकट्याने जाऊ नये. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, न चालताही दम लागणं यांतलं काही झालं तर 'गाडीपर्यंत चालत जाऊ' असं म्हणू नका. तिथेच बसा, सोबत्याला 108 क्रमांकावर फोन करायला सांगा.