मिठाच्या वाळवंटातील विमानतळ

वाळवंट म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या पिवळ्या टेकड्या आणि उंटांचे तांडे उभे राहतात. परंतु या पृथ्वीच्या पाठीवर असेही एक वाळवंट आहे की, जेथे वाळूऐवजी मीठ पसरलेले आहे. ते अमेरिकेच्या पश्चिम भागात, युटा राज्यात आहे. हिमयुगात तेथे बॉनव्हिल नावाचे विशाल सरोवर होते. पुढे हवामान पालटले, पाणी आटत गेले आणि त्यातील क्षार तळाशी साठून पांढरेशुभ्र मैदान तयार झाले. आजचे ग्रेट सॉल्ट लेक हा त्या सरोवराचाच उरलेला अंश होय. जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेषा भोवतालच्या डोंगरांच्या अंगावर अजूनही स्पष्ट दिसतात.

या मैदानावर गवताचे पातेही उगवत नाही. 1846 साली पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशांच्या एका तांड्याच्या गाड्या येथील चिखलात रुतल्या आणि पाण्यावाचून त्यांची कितीतरी जनावरे दगावली. उलट, 1935 साली माल्कम कॅम्बेल या इंग्रज गृहस्थाने याच मैदानावर ताशी 300 मैलांहून अधिक वेगाने मोटार पळवून विक्रम केला. निसर्ग कोणाचा वैरी नाही आणि कोणाचा मित्रही नाही. त्याचा उपयोग आपण कसा करून घेतो, यावर सारे अवलंबून असते.

या मैदानाच्या पश्चिम कडेला वेंडोव्हर नावाचे लहानसे गाव आहे. आगगाडीचा रस्ता तयार होत असता तेथे स्थानक झाले आणि त्याच्या आधाराने ही वस्ती उभी राहिली. गावात माणसे होती अवघी शंभराच्या आसपास. अशा आडगावाकडे कोण लक्ष देणार? परंतु दुसरे महायुद्ध पेटले आणि अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांची दृष्टी नेमकी याच गावाकडे वळली. बॉम्बफेकीचा सराव करावयाचा तर वस्ती नसलेली विस्तीर्ण जमीन हवी, बहुतेक दिवस निरभ्र असणारे आकाश हवे आणि सामान आणावयास आगगाडी हवी. या तिन्ही गोष्टी येथे होत्या. 1940 साली कामास आरंभ झाला आणि 1942 साली तेथे लष्करी विमानतळ सुरू झाला. पाहता पाहता त्या ओसाड जागी सुमारे 17,000 सैनिकांची छावणी उभी राहिली. लाकडी बराकी, दवाखाना, प्रार्थनामंदिर, हँगर, सारे काही झाले. अवजड बॉम्बफेकी विमाने चालविणारे वैमानिक येथे शिकून तयार होत आणि मग दूरच्या रणांगणाकडे जात.

1944 सालच्या सप्टेंबरात कर्नल पॉल टिबेट्स या अधिकाऱ्यावर एक अत्यंत गुप्त कामगिरी सोपविण्यात आली. त्यासाठी त्यांनी वेंडोव्हरचीच निवड केली, कारण जगाच्या नजरेआड राहण्यास याहून योग्य स्थळ नव्हते. डिसेंबरात तेथे एक खास पथक स्थापन झाले. त्यातील वैमानिकांना एकच गोष्ट पुनःपुन्हा करावयास सांगत. अतिशय उंचावरून एकच मोठा बॉम्ब अचूक टाकावयाचा आणि लगेच विमान झटकन वळवून शक्य तितके दूर निघून जावयाचे. सरावासाठी टाकण्यात येणाऱ्या काही बॉम्बमध्ये स्फोटक द्रव्याऐवजी काँक्रीट भरलेले असे. एकच बॉम्ब कशासाठी? टाकल्यावर इतक्या घाईने पळावयाचे कशासाठी? हे कोणी विचारावयाचे नव्हते. तो बॉम्ब अणूच्या शक्तीवर चालणारा आहे, हे त्या पथकात टिबेट्स यांनाच पुरतेपणी ठाऊक होते. इतरांना एवढेच सांगितले होते की, आपल्या कामामुळे युद्ध लवकर संपेल.

1945 सालच्या जूनमध्ये एक नवे विमान वेंडोव्हरला आले आणि काही दिवसांनी पॅसिफिक महासागरातील टिनियन बेटाकडे गेले. टिबेट्स यांनी पुढे त्याला आपल्या आईचे नाव दिले, ‘इनोला गे’. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता याच विमानाने जपानमधील हिरोशिमा शहरावर पहिला अणुबॉम्ब टाकला.

मुलांनो, त्या सकाळी हिरोशिमात तुमच्याच वयाची हजारो मुले रस्त्यांवर काम करीत होती. हवाई हल्ला झाल्यास आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्यासाठी त्यांना शाळांतून आणले होते. त्यांतील बहुतेक मुले घरी परतलीच नाहीत. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शहरातील सुमारे 1,40,000 माणसे प्राणास मुकली. 9 ऑगस्टला नागासाकी शहरावर दुसरा बॉम्ब पडला आणि 15 ऑगस्टला जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली.

या बॉम्बमुळे युद्ध लवकर संपून असंख्य प्राण वाचले, असे काहीजण म्हणतात. निरपराध नागरिकांचा असा संहार कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही, असे दुसरे म्हणतात. हा वाद आजही मिटलेला नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वेंडोव्हरमध्ये विमानाचा खिळा आवळणाऱ्या कारागिराला आपल्या कामाचा शेवट ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याला फारसा दोष देता येणार नाही. पण ज्यांना ठाऊक होते, त्यांतील काहींनी प्रश्न विचारला. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, एकूण 70 जणांनी, जुलै 1945 मध्ये एका अर्जावर सह्या केल्या. शरणागतीच्या अटी जाहीर करून जपानला पुरेशी संधी दिल्यावाचून हा बॉम्ब वापरू नये, असे त्यांनी कळविले. तो अर्ज बॉम्ब पडण्यापूर्वी अध्यक्षांच्या हाती पोहोचला नाही. तरीही त्यांचा प्रयत्न व्यर्थ गेला, असे कसे म्हणावे? ज्याने शस्त्र घडविण्यास हात लावला, त्यानेच ते आवरण्यासाठी हात वर केला, यात मनाचे मोठे धैर्य आहे.

युद्ध संपल्यावर छावणी ओस पडत गेली. पुष्कळ बराकी मोडल्या आणि कित्येक उन्हावाऱ्यात खिळखिळ्या झाल्या. पुढे विमानतळ गावाकडे आणि 1998 साली परगण्याकडे आला. आता तो एक साधा प्रादेशिक विमानतळ आहे. ‘इनोला गे’ ज्यात ठेवले जाई, त्या हँगराची डागडुजी करून तो जतन केला आहे. विमान मात्र व्हर्जिनिया राज्यातील संग्रहालयात आहे. विमानतळावरील छोट्या संग्रहालयात लोक येतात, जुनी छायाचित्रे पाहतात आणि पुष्कळदा गंभीर होऊन बाहेर पडतात.

आपले काम उत्तम करावे, ही शिकवण आपणांस लहानपणापासून मिळते आणि ती योग्यच आहे. परंतु हे काम कशासाठी आणि कोणाच्या हितासाठी, हे विचारणेही तितकेच अगत्याचे आहे. हातांचे कौशल्य मनाच्या विवेकाला सोडून चालू लागले, तर ते कोठवर जाईल, हे सांगता येत नाही. मिठाच्या त्या मैदानावरील ओस धावपट्ट्या हेच आपणांस सांगत आहेत.

स्वाध्याय

1. सेनाधिकाऱ्यांनी वेंडोव्हरची निवड कोणत्या कारणांनी केली?
2. ‘निसर्ग कोणाचा वैरी नाही आणि कोणाचा मित्रही नाही.’ पाठातील दोन उदाहरणे देऊन हे विधान स्पष्ट करा.
3. शास्त्रज्ञांचा अर्ज व्यर्थ गेला, असे तुम्हांला वाटते काय? कारणे द्या.
4. वाक्यांत उपयोग करा : नजरेआड राहणे, प्राणास मुकणे, ओस पडणे.