उताराच्या धुऱ्याचें माप

पुसदकडील डोंगरउतारावर साखळी जमिनीसरशी टाकून शेजाऱ्याचें शेत मोजलें, कीं तें नकाशापेक्षां अधिक भरतें, आणि त्यानें धुरा कोरला असा संशय येतो. परंतु नकाशांतील अंतर सपाटीचें असतें. लीलावतींत (इ. स. ११५०) भास्कराचार्यांनीं दिलेली भुज-कोटि-कर्णाची रीत येथें लावावी. उतारावर १०० फूट भरले, हा कर्ण; टोकांच्या उंचींत २८ फूट फरक, ही कोटि. १०,००० मधून ७८४ वजा जातां ९,२१६; वर्गमूळ ९६, हा भुज. चार फूट उतारानें खाल्ले, शेजाऱ्यानें नव्हे! वकिलाकडे जाण्यापूर्वीं एवढी वजाबाकी अवश्य करावी.

उंचीसाठीं सरळ बांबूवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून तो सपाट धरावा व ओळंबा सोडीत पायरीपायरीनें उतरावें. ताळ्यासाठीं सपाटीची बेरीजही मिळते.

सरावासाठीं: उतार ६५ फूट, उंची १६ फूट, सपाटी किती? (उत्तर: ६३ फूट.)