बँकॉकच्या देवळाबाहेरचा गोडबोल्या

अकोल्याच्या जठारपेठेतून हल्ली कोणी ना कोणी थायलंडला निघालेलं असतं. चौकशीला आलं की मी आधी देवळाबाहेरच्या माणसाबद्दल सांगते. ग्रँड पॅलेसच्या भिंतीलगत इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा एखादा गोडबोल्या भेटतो. "आज पूजा आहे, दुपारपर्यंत बंद," म्हणतो. आमच्या सोबतच्या काका-काकूंनी ते खरं मानलं. वीस बाटमध्ये टुकटुक, वाटेत एक बुद्धमूर्ती आणि मग 'सरकारी' म्हणवणारं रत्नांचं दुकान. नीलमची अंगठी घेऊन परतले तोवर साडेतीन वाजून गेले होते, तिकीटखिडकी खरंच बंद! अकोल्यात सराफानं खडा उलटापालटा करून पाहिला अन् विचारलं, "कितीले पडला, काका?" काकांनी आकडा आजवर कोणाला सांगितलेला नाही.

राजवाडा एरवी रोज साडेआठला उघडतो. राजघराण्याचा सोहळा असला तर काही भाग बंद असतो, पण ते खिडकीवरच विचारावं. तिकीट ५०० बाट.

साडी किंवा सलवार-कुर्त्याला कोणी अडवत नाही. अडतात ती पुरुषमंडळी. अकोल्याचा मे महिना काढलेला माणूसही तिथल्या चिकचिक घामानं वैतागतो आणि हाफ पँट चढवतो. मग समोरच्या रस्त्यावर हत्तीछाप पायजमे घ्यायला धावाधाव.

राजवाड्याच्या आवारातल्या देवळातला, पाचूचा बुद्ध म्हणतात तो खरं तर हिरव्या जेड दगडाचा, जेमतेम ६६ सेंटिमीटरचा आणि बसवलाय उंचावर. लांबून नीट दिसत नाही म्हणून लोक हिरमुसतात. ऋतू बदलला की त्याची वस्त्रं स्वतः राजा बदलतो, वर्षातून तीनदा. आत चपला नाहीत, फोटो नाहीत. बसायचं ते पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत.

पण वेळ राखून ठेवावा तो भोवतालच्या ओवरीसाठी. तिथे १७८ चित्रांत अख्खं रामायण आहे, सोनेरी रंगात. रावण हिरवा, हनुमान पांढराशुभ्र. आणि हा हनुमान ब्रह्मचारी नाही बरं! सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येवर भाळतो, त्यांना मुलगाही होतो. आमच्यातल्या शनिवार करणाऱ्या एक आजी या चित्रापुढे बराच वेळ थांबल्या, मग गाइडला म्हणाल्या, "हा दुसरा कोणी असन." गाइड हिंदी समजणारा, वऱ्हाडी नाही, त्यानं हसून मान डोलावली. घरून निघण्याआधी ही थाई रामायणाची गोष्ट वाचून गेलात तर गाइडवाचूनही भिंती कळतात.