घटक ३ : व्हाळाचे नाव आणि हरकतीचा मसुदा

३.१ प्रास्ताविक



व्यावहारिक मराठीच्या मागील घटकात तुम्ही अर्ज, निवेदन आणि ठराव या तीन लेखनप्रकारांची ओळख करून घेतली. या घटकात 'हरकत' या चौथ्या प्रकाराचा विचार करायचा आहे. अर्जदार काहीतरी मागत असतो. हरकतदाराला जे घडू घातले आहे ते थांबवायचे किंवा बदलायचे असते, आणि त्यासाठी कायद्याने त्याला मोजके दिवस दिलेले असतात. म्हणून या प्रकारात भाषेची चूक महाग पडते.

उदाहरण म्हणून नैसर्गिक वायू वाहून नेणारी भूमिगत वाहिनी आणि तिच्या वाटेत येणारे ओढे, झरे व विहिरी हा विषय घेतला आहे. कोकणाला तो परका नाही. दाभोळ येथून निघून सह्याद्री ओलांडून बेंगळूरुकडे जाणारी सुमारे १००० किलोमीटर लांबीची वायुवाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. सागरी किनाऱ्यावर उतरणारा वायू घाटावरच्या उद्योगांपर्यंत न्यायचा तर वाटेत घाट लागणारच, आणि घाट म्हटला की त्याच्या कुशीतून उतरणारे पाणीही आलेच.

३.२ कायदा काय म्हणतो

अशा वाहिनीसाठी जमिनीची मालकी घेतली जात नाही, वापराचा हक्क घेतला जातो. त्यासाठी केंद्र सरकारचा १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसंबंधीचा अधिनियम आहे. त्याच्या कलम ३ खाली राजपत्रात अधिसूचना निघते. तिच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणत्याही व्यक्तीला कलम ५ प्रमाणे लेखी हरकत घेता येते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याने तिला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यानंतर कलम ६ ची घोषणा होते. वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के आणि प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते.

जमीन तुमच्याच नावावर राहते. मात्र कलम ९ नुसार त्या पट्ट्यात इमारत बांधता येत नाही, विहीर, तळे किंवा बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. ज्या गावात दर उन्हाळ्यात विहीर खोल करावी लागते किंवा नवी जागा शोधावी लागते, तिथे या तीन शब्दांचे वजन काय असते हे शहरातल्या वाचकाला चटकन समजणार नाही. 'विहीर करता येत नाही' या एका वाक्यात एखाद्या वाडीचे पुढल्या पन्नास वर्षांचे पाणी येऊन जाते.

एकवीस दिवसांचाही विचार करा. कोकणातील सातबाऱ्यावर एकाच गटात दहा-पंधरा सामाईक नावे असतात. निम्मे हिस्सेदार मुंबईत चाकरमानी, काही मयत, काहींची वारसनोंद राहिलेली. राजपत्र कोणाच्या ओटीवर येऊन पडत नाही. बातमी गावात पोचेपर्यंत आठवडा गेलेला असतो. मसुदा लिहिणाऱ्याला विचार करायला वेळ नसतो, म्हणून तो विचार आपण आधी करून ठेवायचा.

३.३ कागदावर नसलेले पाणी

आता कणकवली तालुक्यातील फोंडाघाट डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे बाजाराचे गाव. इथून रस्ता घाट चढून दाजीपूर, राधानगरीमार्गे कोल्हापूरला जातो. घाटमाथ्याच्या पलीकडे पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेला व पुढे कृष्णेला मिळतो, अलीकडे पडलेला काही कोसांत अरबी समुद्र गाठतो. मधल्या उतारावर पावसाळ्यात असंख्य प्रवाह उतरतात. शिमग्यापर्यंत त्यांतले बरेचसे आटतात, काही चैत्रापर्यंत टिकतात.

समजा, या परिसरातून वायुवाहिनी नेण्याची अधिसूचना निघाली. (ही कल्पना केवळ अभ्यासासाठी आहे.) अशा अधिसूचनेतील यादीत गावाचे नाव, गट क्रमांक आणि हेक्टर-आर मध्ये क्षेत्र दिलेले असते. प्रवाहांची नोंद झालीच तर 'नाला' या एका शब्दाने होते. सातबाऱ्यावर प्रवाहाखालचे क्षेत्र 'पोटखराबा' या सदरात जाते. लागवडीस अयोग्य ते वर्ग 'अ', रस्ते व जलप्रवाह यांसारख्या सार्वजनिक उपयोगाचे ते वर्ग 'ब'. आकारणीच्या दृष्टीने ही विभागणी बरोबर आहे, कारण त्या क्षेत्रातून सारा येत नाही. परंतु ज्या पाण्यावर वाडी जगते त्याला दफ्तरात 'खराबा' म्हणतात, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने मनात नोंदवून ठेवावी.

गावाच्या बोलीत मात्र 'नाला' फारसा आढळत नाही. मालवणीत मोठी ती न्हंय, तिला मिळणारा तो व्हाळ, नदीपात्रातील खोल डोह तो कोंड, शेतात वळवलेले पाणी तो पाट, पिण्याची ती बाव, आणि गणपतीचे विसर्जन होते तो साना. 'व्हाळ' हा शब्द 'वाहणे' या क्रियापदाच्या गोतातला. प्रमाण मराठीतला 'ओहळ' त्याचा जवळचा नातलग, आणि चिपळूण तालुक्यात तर वहाळ याच नावाचे गाव आहे. रत्नागिरीकडे लहान ओढ्याला 'पऱ्या' म्हणतात. प्रत्येक शब्द प्रवाहाचा आकार सांगतो, पाणी किती टिकते ते सुचवतो आणि त्याचा उपयोग काय तेही सांगतो. 'नाला' यातले काही सांगत नाही. शहरी वाचकाच्या मनात तर तो सांडपाण्याचीच आठवण जागी करतो.

कायद्याच्या बाजूने अडचण आणखी मोठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानुसार नद्या, ओढे, नाले यांची पात्रे आणि वाहते पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय. मग व्हाळात 'हितसंबंध' कोणाचा? गट क्रमांकाचा मालक आपल्या आंब्याकाजूंसाठी हरकत घेईल. व्हाळासाठी कोण घेणार? मालक शासन, आणि अधिसूचनाही शासनाचीच. तेव्हा व्हाळाची बाजू मांडायची तर हरकतीच्या मसुद्यानेच त्या पाण्याचा माणसांशी असलेला संबंध शब्दांत उभा करावा लागतो: कोणाची बाव, कोणाचे वायंगण, कोणत्या वाडीचा पाट. याच महसूल अधिनियमात 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तऐवजाची तरतूद आहे. सिंचनाच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढ वहिवाटी त्यात नोंदवता येतात. कोकणात हे नाव कानावर येत नाही, पण ते ठाऊक असणे बरे.

३.४ एक कच्चा मसुदा

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर एका विद्यार्थ्याने मला आपल्या गावच्या हरकतीचा कच्चा मसुदा दाखवला होता. विषय वेगळा होता, पण लेखनाची तऱ्हा सर्वत्र सारखीच असते. तिच्या धर्तीवर मी पुढील नमुना केला आहे:

"सदर विनाशकारी प्रकल्पामुळे निसर्गाचा समतोल ढासळून जलस्रोत विषारी होतील व भावी पिढ्या आम्हांस क्षमा करणार नाहीत. तरी हा प्रकल्प त्वरित रद्द करण्यात यावा."

भाव खरा आहे. परंतु सुनावणीला बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात यातून काय पडते? जागा नाही, अंतर नाही, हंगाम नाही. शिवाय एक विधान चुकीचे आहे, आणि चुकीचे विधान उरलेल्या खऱ्या विधानांनाही खाली ओढते. नैसर्गिक वायू हा तेल नव्हे. तो हवेपेक्षा हलका असतो. वाहिनी फुटली तर मुख्य भीती आगीची व स्फोटाची असते, पाणी विषारी होण्याची नव्हे. ओढ्याला खरा उपद्रव होतो तो वाहिनी पुरताना. पात्र उघडे खोदले की माती सुटते, पहिल्याच पावसात ती खाली वाहते, डोह भरतात, बाव गढूळ होते. काठावरची झाडे पट्ट्यासाठी तोडली की उतार सैल पडतो. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्याची वाट खोदकामाने बदलली तर झरा दुसरीकडे फुटतो किंवा फुटतच नाही. पात्राच्या तळाखालून आडवे छेदन करून वाहिनी नेण्याची पद्धतही आहे. तिने वरचे पात्र बहुधा शाबूत राहते, मात्र छेदनासाठी वापरलेला चिखल फटींतून वर येण्याचा संभव असतो आणि खर्चही वाढतो. केरळमधून मंगळूरुला जाणाऱ्या वायुवाहिनीचे काम कासरगोड जिल्ह्यात चंद्रगिरी नदी ओलांडताना असेच दीर्घकाळ अडले होते. ती वाहिनी अखेर जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली.

आता हाच मजकूर दुसऱ्या तऱ्हेने पाहा. रिकाम्या जागा स्थानिक माहितीने भरायच्या आहेत:

"गट क्र. ___ व ___ यांच्या हद्दीवरून वाहणाऱ्या प्रवाहास गावात ___ व्हाळ म्हणतात (महसुली नकाशात 'नाला'). त्याचे पाणी ___ महिन्यापर्यंत टिकते. नियोजित रेषेच्या खाली सुमारे ___ मीटरवर वाडीची विहीर (बाव) असून ती ___ घरांच्या पिण्याची आहे. त्याखाली ___ एकर वायंगण शेती याच पाण्यावर होते. व्हाळ उघडा खोदल्यास सुटणारी माती या विहिरीत व शेतात येईल. सबब रेषा वरील गटांबाहेरून न्यावी. ही मागणी मान्य न झाल्यास, तिला बाध न येता, ओलांडणी पात्राच्या तळाखालून करावी. काम फेब्रुवारी ते मे या काळातच करावे. आणि कंपनीने काम संपल्यापासून ___ दिवसांत काठ पूर्ववत करून त्याचा पंचनामा ग्रामपंचायतीसमक्ष करावा."

बोलीतला शब्द आणि दफ्तरातला शब्द इथे शेजारी शेजारी ठेवले आहेत. हे अत्यावश्यक आहे. रायगड-रत्नागिरीकडे 'कोंड' म्हणजे वाडी. सिंधुदुर्गातल्या माणसाने 'कोंड बुजेल' असे लिहिले आणि ते बाहेरच्या अधिकाऱ्याने वाचले, तर वस्ती बुडेल असा अर्थ लागायचा! तेव्हा 'कोंड (नदीपात्रातील डोह)' असे लिहावे. मात्र फक्त 'डोह' लिहून बोलीतला शब्द टाकून देऊ नये. जागेचे गावातले नाव कागदावर आले की पुढच्या पंचनाम्यात, चौकशीत आणि न्यायालयात तेच नाव वापरावे लागते.

'तिला बाध न येता' या शब्दांवर काही कार्यकर्ते नाराज होतात. पर्याय सुचवला म्हणजे नकार सैल झाला, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. मुख्य मागणी फेटाळली गेली तर ओढा कसा ओलांडावा याबद्दल गावाने काहीच म्हटलेले नाही, असा कागद मागे राहणे अधिक वाईट.

३.५ कर्ता कुठे गेला?

कंपन्यांच्या व कार्यालयांच्या उत्तरांत एक वाक्यरचना वारंवार आढळते: "प्रवाह पूर्ववत करण्यात येईल", "आवश्यक ती काळजी घेण्यात येईल". या रचनेत कर्त्याला जागाच नाही. 'कंपनी प्रवाह पूर्ववत करील' म्हटले की कंपनी बांधली जाते. 'करण्यात येईल' म्हटले की काम जणू आपोआप व्हायचे. मराठीत ही रचना इंग्रजी कारभाराच्या सावलीत वाढली आणि आता ती इतकी रुळली आहे की हरकतदारही 'रद्द करण्यात यावा' असेच लिहितो. वरील मसुद्यात 'कंपनीने ... करावे' असा कर्ता मुद्दाम आणला आहे. तुम्हीही प्रत्येक मागणीत 'कोणी?' आणि 'केव्हापर्यंत?' हे दोन प्रश्न विचारून पाहा.

जाता जाता शब्दांचे मूळ. 'अर्ज' आणि 'हरकत' हे दोन्ही अरबी. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत येऊन तिचा अर्थ अडथळा, आक्षेप असा झाला. 'ठराव' आपल्या 'ठरणे'पासूनचा. कोकणात याहून जुना एक सामूहिक प्रकार आहे, तो म्हणजे ग्रामदेवतेपुढे घातले जाणारे गाऱ्हाणे. एकाने सर्वांच्या वतीने बोलायचे, गावाच्या सीमा, वाड्या, माणसे यांचा नामनिर्देश करायचा आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाणे घालणारा काही वगळत नाही. हरकतीच्या मसुद्याला ही सवय उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

३.६ नावांनी आणि संख्यांनी काय साधते

सिंधुदुर्गाचे उदाहरण खाणकामाच्या संदर्भातील आहे, पण मुद्दा तोच. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समिती २०१० मध्ये नेमली गेली. तिच्यापुढे सावंतवाडी-दोडामार्ग भागातील पंचवीस ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करावीत असे ठराव मांडले, आणि २०११ च्या अहवालात त्यांची दखल घेतली गेली. वायुवाहिनीच्या १९६२ च्या अधिनियमात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. तरीही वैयक्तिक हरकतींना ग्रामसभेचा ठराव जोडला की विखुरलेल्या गट क्रमांकांमागे एक गाव उभे आहे हे दिसते.

दुसरे उदाहरण दूरचे, परंतु थेट वायुवाहिनीचेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातून न्यूयॉर्क राज्यात सुमारे २०० किलोमीटरची 'कॉन्स्टिट्यूशन' वाहिनी नियोजित होती. तिला केंद्रीय मंजुरी मिळाली होती. मात्र तिथल्या जलशुद्धता कायद्यानुसार राज्याचे प्रमाणपत्रही आवश्यक असते. एप्रिल २०१६ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने ते नाकारले. वाहिनीमुळे २५१ ओढ्यांना उपद्रव होणार होता, त्यांपैकी ८७ ओढ्यांत ट्राउट मासा राहतो वा अंडी घालतो, आणि या ओलांडण्यांबद्दल कंपनीने पुरेशी माहिती दिलेली नाही, असे कारण पत्रात होते. कंपनी न्यायालयात गेली. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने राज्याचा नकार कायम ठेवला आणि २०२० मध्ये कंपनीने त्यावेळी माघार घेतली. स्थानिक रहिवासी आणि संघटना अनेक वर्षे विरोध करीत होत्या, घोषणाही देत होत्या. पण न्यायालयात टिकला तो ओढ्यांचा हिशेब. आपल्याकडे राज्याला नकाराचा असा अधिकार देणारी तरतूद १९६२ च्या अधिनियमात नाही, हा फरक विसरू नये.

३.७ स्वाध्याय

१. तुमच्या गावातील किंवा वाडीतील सर्व लहानमोठ्या प्रवाहांची स्थानिक नावे वडीलधाऱ्या व्यक्तींना विचारून लिहा. प्रत्येकापुढे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि त्यावर कोण अवलंबून आहे ते नोंदवा. त्यांतील कोणती नावे महसुली नकाशात आहेत?

२. एखाद्या शासकीय पत्रातील 'करण्यात येईल' प्रकारची पाच वाक्ये निवडा व कर्ता आणि मुदत घालून पुन्हा लिहा. कर्ता निश्चित करता आला नाही तर तसे नमूद करा.

३. ३.४ मधील दुसरा मसुदा पहिल्या प्रश्नातील एका प्रवाहाची माहिती भरून पूर्ण करा. तो गावाबाहेरच्या एका व्यक्तीस वाचायला द्या. कोणत्या शब्दांशी ती व्यक्ती अडली ते लिहा.