किडनी प्रत्यारोपण : पॅकेजपलीकडचा हिशेब

खासगी रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणाचा खर्च साधारण पाच ते दहा लाख सांगतात. हा आकडा शस्त्रक्रियेच्या पॅकेजचा. त्याआधीचं डायलिसिस, रुग्ण आणि दाता दोघांच्या तपासण्या त्यात बरेचदा धरलेल्या नसतात. तेव्हा अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात काय नाही, ते आधी विचारा. दात्याचा रक्तगट जुळत नसेल तर अँटिबॉडी कमी करण्याचे उपचार लागतात. तो खर्च वेगळा.

खरा भार पडतो तो घरी आल्यावर. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधं नवी किडनी चालते तोवर घ्यावीच लागतात. पहिल्या वर्षी तपासण्या धरून महिन्याला दहा-वीस हजार सहज जातात. पुढे डोस उतरतो, तसा खर्चही. सगळी पुंजी शस्त्रक्रियेत ओतली आणि औषधांना पैसे उरले नाहीत, तर शरीर किडनी नाकारतं आणि रुग्ण पुन्हा डायलिसिसवर येतो. हे होऊ देऊ नका. वर्षभराच्या औषधांचे पैसे आधी बाजूला काढा. स्वस्त पडतो म्हणून टॅक्रोलिमसचा ब्रँड मात्र डॉक्टरांना न विचारता बदलू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. जुन्या करप्रणालीत कलम 80डीडीबीखाली वजावटही मिळते.

दाता बहुधा घरातलाच असतो, आई किंवा पत्नी, आणि तिचा खर्च कुणी मोजत नाही. विम्यात दात्याची शस्त्रक्रिया आणि नंतरच्या तपासण्या बसतात का, ते पॉलिसीत पाहा. तिची बुडालेली मजुरी भरून देणं अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याला मान्य आहे. किडनीची किंमत देणं मात्र गुन्हा आहे: पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड. मेंदूमृत दात्याच्या किडनीचेही पैसे द्यायचे नसतात. प्रतीक्षायादीत वर सरकवतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका.

मदतनिधी बहुधा झालेल्या खर्चाची भरपाई देत नाहीत. म्हणून मदतीच्या अर्जासाठी अनामत रक्कम भरण्याआधीच रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.